मुळासकट दिलेले फूल

गेल्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. बालयेशूच्या संत तेरेजेचा सण होऊन दोन-तीन दिवस लोटले होते. सायंकाळच्या रोझरीनंतर आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आम्हाला भेटावयास आले. पत्नी निवर्तल्यास सहा वर्षे झालेली. घरी एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी पदवीधर, मितभाषी, रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात लहान मुलांना मोठ्या मायेने शिकविणारी. कार्मेल मठात प्रवेश करण्याचा आपला मानस तिने आदल्या दिवशी वडिलांपाशी व्यक्त केला होता. ते गृहस्थ बराच वेळ हातातील रुमालाची घडी घालीत व मोडीत बसले. मग म्हणाले, “फादर, देवाने मागितले तर नाही म्हणणारा मी कोण? पण एक विचारतो, रागावू नका. आईबापांचा मान राखावा ही चौथी आज्ञा देवानेच दिली ना? मग मठाचे दार लागले की ती आज्ञा माझ्या मुलीपुरती रद्द होते काय?”

आम्ही त्यांना जे उत्तर दिले ते सेमिनरीत शिकलेले, घोटून घोटून गुळगुळीत झालेले उत्तर होते. ईश्वराचे पाचारण सर्व नात्यांहून श्रेष्ठ. मठात गेलेली कन्या घरासाठी अखंड प्रार्थना करते. अशा घरावर प्रभूचा विशेष आशीर्वाद असतो, वगैरे. गृहस्थांनी ते आदराने ऐकून घेतले आणि “बरे आहे, फादर” असे म्हणून ते अंधारात निघून गेले. त्यांचे समाधान झाले नव्हते हे आम्हाला कळत होते. आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नव्हते. त्या रात्री आम्ही संत तेरेजेचे आत्मचरित्र व तिची पत्रे पुन्हा एकदा हाती घेतली. वयाच्या पंधराव्या वर्षी वडिलांचे घर सोडून मठात गेलेल्या त्या मुलीचे आपल्या वडिलांशी पुढे काय नाते राहिले, एवढेच आम्हाला पाहावयाचे होते. त्या वाचनातून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रश्न सोपा नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. प्रत्यक्ष शुभवर्तमानच आपल्याला दोन दिशांनी ओढते असे वाटते. मत्तयच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की, जो आपल्यापेक्षा मातापित्यांवर अधिक प्रेम करतो तो आपला शिष्य होण्यास योग्य नव्हे. आणि तोच प्रभू मार्कच्या सातव्या अध्यायात परुशांना खडसावतो. आईबापांच्या चरितार्थाला लावावयाचे धन ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे म्हणून जे लोक हात झटकतात, ते माणसांच्या परंपरेसाठी देवाची आज्ञा मोडतात, असे त्याचे कठोर शब्द आहेत. म्हणजे देवासाठी आईबापांना सोडणारा शिष्य प्रभूला हवा आहे, आणि देवाचे नाव पुढे करून आईबापांना टाकणारा ढोंगी त्याला मुळीच खपत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही सारखेच दिसतात. दोघेही घर सोडून जातात. मग यांतील भेद ओळखावा कसा?

तेराव्या शतकातील महान धर्मपंडित संत थॉमस अक्विनस यांनी आपल्या ईशज्ञानविषयक महाग्रंथात हा प्रश्न नेमका हाताळला आहे. त्यांचे उत्तर रोखठोक आहे. आईबाप अशा अडचणीत असतील की मुलाच्या मदतीवाचून त्यांचा निभाव लागणारच नाही, तर मुलाने त्यांना सोडून मठात प्रवेश करणे योग्य नव्हे. त्यांची काळजी घेण्यास दुसरे कोणी असेल तर मात्र मुलाला आपल्या पाचारणाप्रमाणे जाण्याची मोकळीक आहे. व्रते घेतल्यानंतर अडचण उद्भवली तर संन्याशाने मठ सोडू नये. परंतु अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहून आईबापांना मदत पोहोचावी म्हणून झटले पाहिजे. सेमिनरीत हा भाग आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. त्यातील ‘दुसरे कोणी असेल तर’ हे शब्द तेव्हा आम्ही भरभर वाचून पुढे गेलो. या लेखाचा सारा भार त्याच शब्दांवर आहे.

आता फ्रान्समधील त्या घराकडे वळू. लुई मार्टिन हे व्यवसायाने घड्याळजी. तरुणपणी आल्प्स पर्वतातील सेंट बर्नार्ड मठात प्रवेश घ्यावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु लॅटिन येत नाही म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. त्यांची पत्नी झेली हिनेही धर्मभगिनी होण्याचा प्रयत्न केला होता आणि तिलाही नकार मिळाला होता. १३ जुलै १८५८ रोजी आलांसों या गावी या दोघांचा विवाह झाला. नऊ अपत्ये झाली, त्यांतील चार लहानपणीच दगावली. पाच मुली वाचल्या. २ जानेवारी १८७३ रोजी जन्मलेली तेरेजा ही सर्वांत धाकटी. ती साडेचार वर्षांची असताना, २८ ऑगस्ट १८७७ रोजी, झेली कर्करोगाने निवर्तली. लुई आपल्या पाच मुलींना घेऊन लिझ्यू या गावी राहावयास आले. तेथे मुलींच्या मामाचे औषधांचे दुकान होते.

आई गेल्यावर वडील आणि धाकटी लेक यांचे नाते किती घट्ट झाले असेल, हे सांगावयास नको. ते तिला आपली ‘राणी’ म्हणत आणि ती त्यांना आपला ‘राजा’ म्हणे. वडिलांबरोबर फिरावयास जाणे, ते गळ टाकून मासे धरीत असता काठावरच्या गवतात बसून राहणे, चर्चमध्ये प्रवचन चालू असता प्रवचनकारापेक्षा वडिलांच्या चेहऱ्याकडेच अधिक पाहणे, अशा कितीतरी आठवणी तिने लिहून ठेविल्या आहेत. देव कसा असतो हे तिने प्रथम वडिलांच्या मुखावर पाहिले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

त्या घरातून एकेक मुलगी मठाकडे निघाली. १८८२ मध्ये पोलीन आणि १८८६ मध्ये थोरली मारी लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाल्या. १ मे १८८७ रोजी लुई यांना अर्धांगाचा पहिला, सौम्यसा झटका आला. त्यातून ते सावरले. आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला, पेंटेकॉस्टच्या दिवशी, चौदा वर्षांच्या तेरेजेने घराच्या बागेत वडिलांना गाठून आपणासही कार्मेलमध्ये जावयाचे असल्याचे सांगितले. दोघेही रडले. ती अजून फार लहान आहे, एवढेच वडील म्हणाले. नंतर तिचे ऐकून घेऊन त्यांनी संमती दिली. मग बागेच्या बुटक्या भिंतीजवळ जाऊन त्यांनी तेथील एक छोटेसे पांढरे फूल उपटून तिच्या हाती दिले आणि देवाने ते किती काळजीने जपले आहे हे तिला सांगितले. तेरेजेने पाहिले की, फूल उपटताना त्याची मुळे तुटली नव्हती. जणू ते दुसऱ्या जमिनीत पुन्हा लावण्यासाठीच होते. ते फूल तिने ‘ख्रिस्ताचे अनुकरण’ या ग्रंथात जपून ठेविले. आणि वाचकहो, ते कोणत्या पानांत ठेविले, हे ध्यानात घ्या. सर्वांहून अधिक प्रेम येशूवर करावे, असे ज्या अध्यायात सांगितले आहे, त्याच अध्यायात तिने वडिलांनी दिलेले फूल ठेविले.

या लहानशा कृतीत आम्हाला मत्तयच्या त्या कठोर वचनाचे भाष्य सापडले. देवावर सर्वाधिक प्रेम करावयाचे म्हणून तिने वडिलांचे फूल फेकून दिले नाही. त्या प्रेमाच्या पानांतच त्याला जागा दिली.

पुढचा इतिहास बहुतेक वाचकांना परिचित आहे. तिच्या कोवळ्या वयामुळे मठाच्या धर्माधिकाऱ्यांनी प्रवेश नाकारला. वडील स्वतः तिला घेऊन बिशपांकडे गेले, पुढे रोमलाही गेले. २० नोव्हेंबर १८८७ रोजी तिने पोप तेरावे लिओ यांच्या पायाशी बसून परवानगी मागितली. आपल्या हातून निसटू पाहणाऱ्या लेकीसाठी तिचा बाप दारोदार फिरत होता. अखेर ९ एप्रिल १८८८ रोजी मठाचे दार उघडले. निरोप घेताना तेरेजा वडिलांच्या पुढे आशीर्वादासाठी गुडघे टेकून बसली, तेव्हा चौसष्ट वर्षांच्या त्या वृद्धानेही गुडघे टेकले आणि डोळ्यांतून पाणी वाहत असता तिला आशीर्वाद दिला.

दार लागले. पण नाते संपले नाही. वडील मठासाठी मासे व इतर भेटवस्तू घेऊन येत. भेटीच्या दालनात जाळीपलीकडून लेकींशी चार शब्द बोलत. तेरेजा त्यांना पत्रे लिही आणि पत्रांत अजूनही त्यांची राणीच असे. येथवर सारे गोड आहे. जर कथा येथेच संपली असती तर त्या गृहस्थांच्या प्रश्नाला आम्ही दिलेले गुळगुळीत उत्तर पुरेसे ठरले असते.

परंतु कथा येथे संपत नाही. जून १८८८ मध्ये लुई अकस्मात घरातून नाहीसे झाले. चार दिवसांनी ते ल हाव्र बंदरात सापडले. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने त्यांची स्मृती व बुद्धी झाकोळू लागली होती. मध्येच ते अगदी पूर्ववत होत, मध्येच भ्रमात जात. १० जानेवारी १८८९ रोजी तेरेजेचा वस्त्रग्रहणविधी झाला. त्या दिवशी वडील स्वस्थ होते. शुभ्र पोशाखातील लेकीला हाताशी धरून त्यांनी वेदीकडे नेले. तिच्या आवडीचा हिमवर्षावही झाला. त्यानंतर जेमतेम महिना लोटला. भ्रमाच्या भरात, आपल्या मुलींवर शत्रू चालून आला आहे असे वाटून, त्यांनी पिस्तूल हाती घेतले. लेकींचे रक्षण करण्याची धडपड तेवढी त्या विस्कटलेल्या मनात शाबूत राहिली होती. घरच्यांच्या जीवितास धोका निर्माण झाल्याने १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांना कां शहरातील मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. तेथे ते तीन वर्षांहून अधिक काळ राहिले.

त्या काळी मनोरुग्णालय म्हणजे कलंक. गावात कुजबुज सुरू झाली की, मुलींनी एकामागून एक मठाची वाट धरली, त्यातही लाडकी धाकटी गेली, म्हणून म्हाताऱ्याचे डोके फिरले. जाळीपलीकडे हे शब्द पोहोचल्यावाचून राहिले नाहीत. आता विचार करा. तेरेजा तेव्हा सोळा वर्षांची नवदीक्षित होती. तिची व्रते अद्याप झाली नव्हती. ती ८ सप्टेंबर १८९० रोजी व्हावयाची होती. नवदीक्षितेला घरी परत जाण्याची पूर्ण मोकळीक असते. थॉमस अक्विनस यांची कसोटी येथे पुरेपूर लागू पडते. वडील गरजू आहेत, लेक अजून मोकळी आहे. मग ती का गेली नाही? तिने जावयास हवे होते काय?

या प्रश्नाला ‘ती संत होती’ हे उत्तर नव्हे. संतांनाही आज्ञा लागू असतात. खरे उत्तर असे आहे की, घरी सेलिन होती. तेरेजेहून पावणेचार वर्षांनी मोठी, एकोणीस वर्षांची सेलिन. तिलाही कार्मेलमध्ये जावयाचे होते. १८८८ च्या जून महिन्यात तिने तसे वडिलांना सांगितलेही होते आणि देव आपल्या सर्व मुली मागतो हा आपला मान आहे, या भावनेने वडिलांनी तिला आनंदाने होकार दिला होता. तरीही ती राहिली. वडील मनोरुग्णालयात गेले तेव्हा ती आणि बहीण लेओनी त्याच शहरात धर्मभगिनींच्या आश्रयाला काही महिने जाऊन राहिल्या. आठवड्यातून एकदाच भेटीची परवानगी होती, तेवढ्यासाठी. मे १८९२ मध्ये पायांतील बळ गेलेले वडील घरी परतले, तेव्हा त्यांना उचलणे, भरविणे, त्यांची समजूत काढणे, हे सारे मामांच्या व नोकरांच्या मदतीने तिने केले. पुढे लेओनीही एका मठात गेली. सेलिन मात्र वडिलांच्या अखेरच्या श्वासापर्यंत त्यांच्या उशाशी होती. २९ जुलै १८९४ रोजी लुई मार्टिन निवर्तले. त्यानंतर दीड महिन्याने, १४ सप्टेंबर रोजी, सेलिनने कार्मेलचे दार ठोठावले. तिने सहा वर्षे वाट पाहिली होती.

तेरेजेच्या पाठीशी ‘दुसरे कोणी’ होते ते हे. तिच्या मुखपृष्ठावरील चित्रांत, गुलाबांच्या वर्षावात, तिच्या नावाच्या नोव्हेनांत आपण सेलिनला कधी पाहिले आहे काय?

येथे आम्हाला स्वतःविषयी थोडे सांगितले पाहिजे. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. आमचा धाकटा भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. महाविद्यालयात शिकत होता. त्याने शिक्षण सोडले आणि वाडी व वडील या दोहोंचा भार उचलला. आम्ही परत येऊ का, असे आम्ही पत्राने विचारले होते. त्याने तीन ओळींत उत्तर पाठविले की, मी आहे, तू शिक. आम्ही ते पत्र देवाची खूण मानून पेटीत ठेविले आणि निश्चिंत झालो.

पुढच्या मे महिन्यात सुटीला घरी गेलो. सकाळी तो वडिलांचे अंथरूण बदलीत होता. आम्ही उंबऱ्याशी उभे राहून म्हणालो, “बाबांसाठी आम्ही सगळे तिकडे रोज प्रार्थना करतो.” त्याने मान वर केली नाही. चादर काढता काढता म्हणाला, “दादा, जरा पाय धर.” आम्ही पाय धरले. निर्जीव झालेला माणसाचा पाय किती जड असतो हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच एक हात कमी पडत होता. तो एक हात त्याला रोज कमी पडत होता आणि त्या हाताने आम्ही रोज पुस्तकाची पाने उलटीत होतो.

काही वर्षांनी आमचा गुरुदीक्षाविधी झाला. वडिलांना खुर्चीतून आणण्यात आले. गावाने त्यांना पुष्पहार घातला, त्यांच्या त्यागाचे गोडवे गायिले. आभाराच्या भाषणात आम्ही बिशपमहोदय, अध्यापक, गायकवृंद, धर्मभगिनी, मांडव घालणारे, कोणाकोणाची नावे घेतली! भावाचे नाव राहून गेले. तो त्या वेळी मांडवाच्या मागल्या बाजूला पाण्याची पिंपे भरीत होता. त्याने ही गोष्ट आजवर कधीही बोलून दाखविली नाही, आणि म्हणूनच ती आम्हाला अधिक बोचते. आम्ही वडिलांना टाकले नव्हते. परंतु आमचे ऋण आमच्या नावाने दुसरा कोणी फेडीत आहे, याची जाणीवही आम्ही ठेविली नव्हती. ‘कुर्बान’ म्हणून हात झटकणाऱ्या परुशापासून आम्ही त्या दिवशी किती दूर होतो?

हा प्रश्न मनात घेऊन आम्ही तेरेजेची पत्रे पुन्हा पाहिली आणि एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. वडिलांच्या आजाराच्या त्या वर्षांत तिची कितीतरी पत्रे सेलिनला आहेत. जी घरी राहिली तिला या मुलीने एकटे सोडले नाही. तिचे दुःख ते आपले दुःख, तिची सेवा ती आपल्याही वाटणीची सेवा, असे ती मानीत राहिली. वडिलांचे पाय धरावयास तिचे हात पोहोचत नव्हते. पण ज्या हातांनी ते धरले होते त्यांना बळ देणे तिच्या आवाक्यात होते आणि ते तिने अखेरपर्यंत केले.

दुसरी गोष्ट. दूर असल्याचा लाभ घेऊन तिने आपले मन कठोर होऊ दिले नाही. वडिलांच्या आजाराच्या आरंभी तिला वाटत असे की, याहूनही अधिक दुःख आपण सोसू शकू. वडील मनोरुग्णालयात गेल्यावर मात्र तसे म्हणण्याचे धाडस आपल्याला झाले नाही, अशी प्रांजळ कबुली तिने दिली आहे. २४ सप्टेंबर १८९० रोजी तिला काळे शिरोवस्त्र मिळाले. त्या दिवशी वडिलांना थोडा वेळ आणता येईल अशी आशा होती. ते जमले नाही, आणि ती त्या मंगल दिवशी रडली. तिच्या रडण्याचे इतरांना नवल वाटले. आम्हाला ते अश्रू तिच्या व्रतांच्या आड येणारे वाटत नाहीत. चौथी आज्ञा मठाच्या भिंतीआड कशी जिवंत राहते, हे त्या अश्रूंत दिसते.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. आजाराच्या काळात लुई कधी कधी आपले तोंड रुमालाने झाकून घेत. तेरेजेने वस्त्रग्रहणाच्या वेळी ‘बालयेशूची’ या आपल्या नावाला ‘पवित्र मुखमंडलाची’ अशी जोड दिली. यशयाच्या ग्रंथातील दुःखी सेवक, ज्याच्यापासून लोक तोंड फिरवितात, तो ख्रिस्त आणि मनोरुग्णालयातील आपला बाप, हे दोन चेहरे तिला एकमेकांत दिसू लागले. लहानपणी देवाचा चेहरा तिला वडिलांच्या प्रसन्न मुखावर दिसला होता. आता वडिलांचा लोपलेला चेहरा तिला क्रूसावरील देवाच्या मुखावर दिसला. गाव ज्याला लाज म्हणत होते त्याला तिने आपल्या नावात स्थान दिले. पित्याचा मान राखणे याहून वेगळे काय असते?

१२ मे १८९२ रोजी लुई यांना मठाच्या भेटीच्या दालनात शेवटचे आणण्यात आले. तीन वर्षांहून अधिक काळाने लेकींनी वडिलांना पाहिले. त्यांना फारसे बोलता येत नव्हते. निघताना त्यांनी बोट वर करून स्वर्गाकडे दाखविले. आता भेट तेथे, असा त्याचा अर्थ सर्वांना कळला. वडील वारल्यावर तेरेजेने बहिणीला कळविले की, सहा वर्षांच्या दुराव्यानंतर आपले बाबा आपल्याला पुन्हा सापडले आहेत, ते आपल्या अवतीभवती आहेत असे जाणवते. त्यानंतर तीन वर्षांनी, ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी तीही क्षयाने गेली. १७ मे १९२५ रोजी तिला संतपद मिळाले. १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची विदुषी म्हणून घोषित केले. आणि १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई व झेली या दोघांनाही एकत्रितपणे संतपद बहाल केले. गावाने ज्याला वेडा म्हटले त्याचे नाव आज वेदीवर घेतले जाते.

तेव्हा, चौथी आज्ञा रद्द होते काय? आमचे मत असे झाले आहे की, ती कणभरही रद्द होत नाही. बदलते ते एवढेच की, जाणाऱ्याच्या वाटणीची सेवा दुसऱ्या कोणाच्या तरी हातांनी होते. प्रभू येशूचे स्वतःचे हात क्रूसावर खिळलेले होते, तेव्हा त्याने आपल्या मातेला शिष्याच्या हाती सोपविले. ती आता देवाच्या इच्छेने वाऱ्यावर, असे तो म्हणाला नाही. त्याने पुढे कोण आहे ते पाहिले, त्याला हाक मारली, आणि त्याने तिला आपल्या घरी नेले. ज्याला पाचारण झाले त्याने हे तीन प्रकारे ध्यानी ठेवावे: जाण्यापूर्वी कोण राहणार आहे ते पाहावे, त्याला विचारावे, आणि गेल्यावर त्याचे ऋणी राहावे. राहणाऱ्याला विचारल्यावाचून केलेला त्याग हा पुष्कळदा दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म असतो.

हे सारे मनाशी जुळल्यावर आम्ही त्या गृहस्थांना निरोप पाठविला. ते आले. या वेळी आम्ही उत्तर दिले नाही, विचारले, “तुमच्या म्हातारपणी तुम्हाला पाहणारे घरी कोण आहे?”

“मुलगा आहे ना, फादर.”

“त्याला कोणी विचारले आहे काय?”

गृहस्थ गप्प झाले. त्याला कोणी विचारले नव्हते. तो राहणारच, हे सर्वांनी गृहीत धरले होते. त्याच्या बहिणीने, वडिलांनी, आणि पहिल्या दिवशी आम्हीही.

पंधरा दिवसांनी तिघेही आले. मुलगा पंचविशीतला, रिक्षा चालविणारा, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा. आम्ही त्याला सरळ विचारले की, बहीण गेल्यावर वडिलांचे सारे तुझ्यावर येईल, तुझे काय म्हणणे आहे? तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “ती जाणार हे मला आधीच ठाऊक होते, फादर. जाऊ दे तिला. बाबांचे मी बघीन.” थोडे थांबून त्याने विचारले, “पण तिथून पत्र लिहिता येते ना? मी लिहिले तर ती उत्तर देईल ना?” बहिणीने त्याचा हात धरला आणि ती रडू लागली. वडिलांनी खिशातून तोच रुमाल काढला.

ती मुलगी येत्या वर्षी कार्मेलमध्ये प्रवेश करील. निरोपाच्या दिवशी मिस्सा होईल, पुष्पहार होतील, जेवण होईल. आम्ही ठरविले आहे की, त्या दिवशी वडिलांबरोबर त्या मुलालाही वेदीपुढे बोलवावयाचे आणि बहिणीला जो आशीर्वाद द्यावयाचा तोच त्यालाही द्यावयाचा. आमच्या धर्मग्रामांत अशी घरे पुष्कळ आहेत. कोणाचा भाऊ धर्मगुरू, कोणाची बहीण सिस्टर. आणि घरी एक कोणीतरी असते, ज्याचे नाव निमंत्रणपत्रिकेत शेवटी छापले जाते. आपल्या शेजारी अशी व्यक्ती असेल तर वाचकांनी तिच्या घरी एकदा जाऊन यावे. तिला एक हात कमी पडत असेल.

आमचे वडील जाऊन आता बरीच वर्षे झाली. गेल्या २९ जुलैला, लुई मार्टिन यांच्या स्मृतिदिनी, आम्ही भावाच्या घरी मिस्सा केली. आभाराचे भाषण अर्थातच नव्हते. तीस वर्षांपूर्वी राहून गेलेले नाव तेवढे आम्ही सर्वांसमक्ष घेतले. तो उठून पाण्याचे तांबे भरावयास आत गेला. आम्हीही त्याच्यामागून आत गेलो आणि तांबे बाहेर नेऊन ठेविले.

हे प्रभो, जे तुझ्यासाठी निघून जातात त्यांची मुळे तुटू देऊ नकोस. आणि जे तुझ्यासाठी घरी राहतात त्यांना आमच्या विस्मरणापासून वाचव. आमेन.